विनाशिका 'राजपूत' आणि पाण्याचा दाब

दादर-परळच्या शाळांतील मुलांना पावसाळ्यात हिंदमाता चौकात तुंबणारे पाणी नवे नाही. चौक बशीसारखा खोलगट, म्हणून आजूबाजूचे पाणी तिथे उतरते. हे पाणी अर्धा मीटर असेल, तर रस्त्याच्या पातळीवर त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे विसावा भाग असतो. पाणी चौकातले की समुद्रातले, याने फारसा फरक पडत नाही. दाब ठरतो खोलीवर. दर दहा मीटरला एक वातावरण, हे लक्षात ठेवून आपण विनाशिकेकडे वळू.

पाणतीर सोडणाऱ्या छोट्या बोटींचा समाचार घेण्यासाठी हा नौकाप्रकार जन्मला. ब्रिटनची 'हॅवॉक' १८९३ साली पाण्यात उतरली. पुढे पाणबुड्या आल्या आणि त्यांना हुडकण्याचे कामही विनाशिकांच्याच माथी आले. भारताने १९४९ साली ब्रिटनकडून अशा तीन वापरलेल्या नौका घेतल्या. त्यांची नावे 'राजपूत', 'रणजीत' आणि 'राणा' अशी ठेवली. 'राजपूत' म्हणजे १९४२ मधली 'रॉदरहॅम'. तिचा मूळ वेग ताशी ३६ सागरी मैल, म्हणजे सुमारे ६७ किलोमीटर.

पाणबुडीविरुद्ध तिचे हत्यार होते डेप्थ चार्ज : स्फोटकाने भरलेले पिंप. छिद्रातून आत शिरलेल्या पाण्याचा दाब ठरावीक मर्यादेला पोहोचला की स्प्रिंगचा विरोध मोडतो आणि स्फोट होतो. पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही, म्हणून धक्का दूरवर पोहोचतो. पिंप पाणबुडीला लागण्याचीही गरज नसते. पण हाच धक्का टाकणाऱ्या नौकेलाही बसतो! पिंप सेकंदाला तीन मीटर बुडते असे धरू. तीस मीटरवर स्फोट व्हायचा तर नौकेला दहा सेकंद मिळतात. ३६ सागरी मैलांच्या वेगाने ती तेवढ्यात सुमारे १८५ मीटर दूर जाते. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात स्फोट पंधरा मीटरवर ठेवला तर वेळही अंतरही निम्मे. वर्गात हे गणित जरूर घालावे.

डिसेंबर १९७१ मध्ये 'राजपूत' एकोणतीस वर्षांची झाली होती. 'विक्रांत' अंदमानकडे लपवून ठेवलेली. तिच्या शोधात निघालेल्या 'गाझी' या पाकिस्तानी पाणबुडीला चकवण्यासाठी 'राजपूत' 'विक्रांत' असल्यासारखे संदेश पाठवत होती. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास विशाखापट्टणम बंदराबाहेर पडताना समोरचे पाणी ढवळलेले दिसले. तिने वेग वाढवला व दोन डेप्थ चार्ज टाकले. काही वेळाने प्रचंड स्फोट झाला. 'गाझी' नव्वदहून अधिक माणसांसह बुडाली.

पाणबुडी कशाने बुडाली? आपले नौदल श्रेय 'राजपूत'ला देते. पाकिस्तानच्या मते अपघात झाला : स्वतःच पेरलेल्या सुरुंगाचा, किंवा पाणबुडीतच झालेल्या स्फोटाचा. आमच्या मते डेप्थ चार्जनंतर स्फोट झाला एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, आणि ते खोटेही ठरत नाही. वाद अजून मिटलेला नाही.

'राजपूत' १९७६ मध्ये निवृत्त झाली. तिचे नाव १९८० मध्ये दुसऱ्या विनाशिकेला मिळाले. ती २०२१ मध्ये विशाखापट्टणमलाच निवृत्त झाली.