तेलगावचा चौरस्ता

बीडहून वडवणी, तेलगाव, सिरसाळा असा एक रस्ता परळीस जातो. दुसरा माजलगावहून निघून तेलगाव, धारूर, केज या वाटेने कळंब गाठतो. हा दुसरा, एके काळचा राज्यमार्ग, आज राष्ट्रीय महामार्ग ५४८ सी म्हणून ओळखला जातो. लोणार, मंठा, परतूरकडून येऊन तो पुढे बार्शीकडे वळतो. लोक त्याला शेगाव–पंढरपूर मार्ग म्हणतात. गजानन महाराजांची पालखी मात्र पंढरीस जाताना परळी–अंबाजोगाईची वाट धरते.

तेलगाव सोडले की दक्षिणेस बालाघाटाचा डोंगर आडवा येतो. धारूरचा घाट चढणारी ही वाट सिंदफणेचे खोरे मांजरेच्या खोऱ्यास जोडते, म्हणूनच ती राज्यकर्त्यांना मोलाची वाटली. आदिलशाहीतील किश्वरखानाने धारूरचा किल्ला बांधला. १६३१ मध्ये शाहजहानच्या सैन्याने तो घेतला आणि पुढे मोगलांनी त्यास फतेहाबाद हे नाव दिले. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता.

घाटाखालची आणि घाटावरची शेती मात्र एक नव्हे. खाली सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे. पैठणचा उजवा कालवाही त्याच जलाशयास येऊन मिळतो. त्या पाण्यावर ऊस वाढला आणि तेलगावजवळ सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वर डोंगरावर मुरमाड, कोरडवाहू जमीन. दिवाळीच्या सुमारास तेथील जोडपी मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडावयास निघतात. नवरा-बायको मिळून हिशेबात एकच ‘कोयता’ धरला जातो. माणसांची मोजदाद अवजाराने व्हावी, हे ऐकताना कानाला टोचते.

चातुर्मास संपून साधु-साध्वींचा विहार सुरू होतो, तेही हेच दिवस. पहाटे पायी चालणाऱ्यांच्या शेजारून उसाने लादलेल्या ट्रॉल्या आणि संसार भरलेले ट्रक जातात. त्या ट्रकांत शाळेच्या वयाची मुलेही असतात. जूनमध्ये पट लागलेली ही मुले उत्तरार्धात वर्गात नसतात. त्यांच्यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण ती ट्रक निघण्यापूर्वी सुरू झाली, तरच मूल आजी-आजोबांपाशी गावात मागे राहू शकते.