लिबरेटरचा बिनतारी आवाज

दुसरे महायुद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरी तळावर ब्रिटिश हवाई दलाने आपली लिबरेटर विमाने टाकून दिली. चार इंजिनांची ही अमेरिकी बॉम्बर विमाने 'लेंड-लीज' कराराने मिळालेली. युद्धानंतर ती परत तरी करायची, नाहीतर कायमची निकामी करायची. इंग्रजांनी दुसरा मार्ग पत्करला. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणांवर घाव घातले आणि ही विमाने पुन्हा कुणाच्या कामी येणार नाहीत अशी खात्री करून ते निघून गेले.

पुढचा भाग विमानवेड्यांना पाठ आहे. 1948 मध्ये बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने या भंगाराला हात घातला. युद्धकाळात तिथेच अमेरिकी विमानांची दुरुस्ती होत असल्याने कारागिरांचे हात त्या यंत्रांना सरावलेले होते. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी कानपुरात जेमतेम उडण्याजोगी केलेली ही धुडे एकामागून एक बंगळुरूला उडवत नेली. चाळीसच्या आसपास विमाने अशी उठून उभी राहिली. मुन्शींवर मराठीत एक स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे होते. ते झाले नाही, याची मला खंत आहे.

माझे कुतूहल मात्र वैमानिकाच्या मागच्या बाजूला बसणाऱ्या माणसापाशी अडकले आहे. लिबरेटरमध्ये सहवैमानिकाच्या पाठीमागे एक छोटे मेज असे. त्यावर मोर्सची की, समोर रिसीव्हर आणि हाताशी ट्रान्समीटर. हे रेडिओ ऑपरेटरचे राज्य. 1951 मध्ये भारतीय हवाई दलाची सहा नंबरची स्क्वॉड्रन पुण्याला लोहगावात नव्याने उभी राहिली ती याच लिबरेटरांवर, आणि तिच्याकडे काम आले समुद्रावरच्या टेहळणीचे. पुण्याहून समुद्राकडे जायचे तर सह्याद्री ओलांडावाच लागतो. तो ओलांडून अरबी समुद्रावर दूर गेलेल्या विमानाचा तळाशी धागा उरतो तो शॉर्टवेव्हचा. व्हीएचएफ सरळ रेषेत जाते. पृथ्वीची गोलाई आडवी आली की ते संपते.

माझ्यासारख्या पोलादपुरात राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एकीकडे कशेडीचा घाट, दुसरीकडे आंबेनळीचा, मध्ये सावित्रीचे खोरे. डोंगराआडच्या वाडीत मोबाइलची एक कांडी मिळवायला माणसे आजही ठरावीक दगडावर जाऊन उभी राहतात. 2005 च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. 22 जुलै 2021 ला तळीये गाव दरडीखाली गेले आणि आमच्या तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडीवर डोंगर आला. तेव्हा रस्ते तुटले होते, फोन मुके झाले होते. डोंगराला वळसा न घालता त्याच्या डोक्यावरून निरोप नेणाऱ्या लहरींबद्दल मला जे वाटते त्याचे मूळ इथे आहे.

लिबरेटरमध्ये संदेश पाठवण्याच्या दोन वेगळ्या व्यवस्था असत. जवळपासच्या विमानांशी आणि तळाशी बोलायला 'कमांड सेट' आणि लांबच्या पल्ल्याला 'लायझन सेट'. लायझनचा जुना ट्रान्समीटर म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचा बीसी-375. त्यात 211 जातीचे चार मोठे व्हॉल्व्ह, 1000 व्होल्ट देणारा डायनामोटर आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सी-पट्ट्यासाठी एक वेगळा जड खण. पट्टा बदलायचा झाला तर हलत्या विमानात तो खण ओढून काढायचा आणि दुसरा बसवायचा. थंडीत, हातमोजे घालून, अंधारात. ही कल्पना ज्याने मंजूर केली त्याने ऑपरेटरचा विचार केला नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याची जागा घेतली कॉलिन्सच्या एआरटी-13 ने. आर्थर कॉलिन्स हा आयोवातल्या सेडर रॅपिड्सचा पोरगा. 1925 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने घरी बांधलेल्या संचावरून ग्रीनलंडकडे गेलेल्या मॅकमिलन यांच्या मोहिमेशी संपर्क साधला होता. संचापुढे स्वतः रात्री जागवलेल्या माणसाने यंत्र आखले की त्यात काय उतरते, ते एआरटी-13 मध्ये दिसते. 2 ते 18 मेगाहर्ट्‌झचा पल्ला, शेवटच्या टप्प्यात 813 व्हॉल्व्ह, मॉड्युलेशनला 811 ची जोडी, आणि शंभर वॅटच्या आसपास ताकद. पण त्याचा जीव आहे तो 'ऑटोट्यून'मध्ये. दहा फ्रिक्वेन्सी आधी ठरवून ठेवायच्या. बटण फिरवले की आतली मोटर सुरू होते, समोरच्या पट्टीवरच्या सगळ्या चकत्या आपोआप फिरू लागतात, आधी एका दिशेने शेवटपर्यंत जातात, मग उलट फिरून एकेक करून आपापल्या खाचेत अडकतात. साधारण 25 सेकंदांत संच नव्या फ्रिक्वेन्सीवर तयार. आत इलेक्ट्रॉनिक मेंदू वगैरे काही नाही. चाके, खाचा, अडसर आणि घड्याळजीच्या तोडीचे लोखंडकाम, बस्स. सोव्हिएत संघाने याची हुबेहूब नक्कल करून आर-807 नावाने वापरली.

या संचाबरोबर एक छोटी पुस्तिका येई, आणि सगळ्या अभ्यासात मला सर्वांत मोलाचा कागद तोच वाटतो. कोणत्या फ्रिक्वेन्सीला कोणती चकती किती आकड्यावर ठेवायची याचे तक्ते त्यात असत. हे तक्ते त्या एकाच संचाचे, त्याच्या क्रमांकासह. शेजारच्या संचाची पुस्तिका इथे चालत नाही, कारण दोन कॉइल कधी तंतोतंत सारख्या नसतात. जुन्या बाजारात संच एकीकडे आणि पुस्तिका दुसरीकडे गेली, की संच पोरका होतो. मग नव्या मालकाने फ्रिक्वेन्सी काउंटर लावून, चकतीचा एकेक आकडा वहीत उतरवत, स्वतःचा तक्ता करायचा. कष्टाचे काम आहे, पण केल्याशिवाय गत्यंतर नाही.

माझ्याकडे आहे तो एआरटी-13 चा धाकटा भाऊ, कमांड सेटच्या कुटुंबातला बीसी-459. मुंबईच्या चोरबाजारात डिस्पोजलच्या मालात मिळालेला, अॅल्युमिनियमचा, बुटाच्या खोक्याएवढा. न्यू जर्सीतल्या एअरक्राफ्ट रेडिओ कॉर्पोरेशनने आखलेली ही मालिका. 7 ते 9.1 मेगाहर्ट्‌झ, एक 1626 ऑसिलेटर आणि शेवटी 1625 ची जोडी.

आणि इथेच हौशी रेडिओवाल्यांचा जुना वाद सुरू होतो. युद्धानंतर अमेरिकेत हे संच काही डॉलरला एक असे ढिगाने विकले गेले. मासिकांनी ते 'सुधारण्याच्या' कृती छापल्या. अँटेनाची कॉइल उपटा, पुढच्या पट्टीला भोके पाडा, आत ट्रान्सफॉर्मर बसवा. त्या काळच्या हौशी मंडळींची बाजू मला कळते. खिशात पैसे नव्हते आणि हवेवर यायचे होते. पण आज तोच हातोडा उचलणाऱ्याची बाजू मला कळत नाही. नव्या संचात काही हजारांत जे मिळते त्यासाठी ऐंशी वर्षांची अखंड वस्तू कापायची गरज नाही. जी जोडणी करायची ती डब्याच्या बाहेर करावी, आतला एकही मूळचा डाग उसवू नये.

पोलादपुरात हा संच बसवायचा म्हणजे पहिली गोष्ट परवाना. केंद्र सरकारची हौशी रेडिओची परीक्षा द्यावी लागते. वरच्या श्रेणीच्या परवान्याला मोर्सही येते, आणि हा संच मोर्सवरच सर्वांत खुलतो. दुसरी गोष्ट वीज. विमानातला पुरवठा 28 व्होल्ट. संचातल्या व्हॉल्व्हचे हीटर बारा-बारा व्होल्टांचे, दोन-दोनच्या माळेत जोडलेले. त्यामुळे ट्रकच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की काम होते. महाड-पोलादपूरच्या हायवेवरचा कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन चोवीस व्होल्टांच्या गाडीला सरावलेला असतो. त्याला फक्त इतके सांगायचे की केबल जाड आणि आखूड हवी. बारीक तारेत व्होल्ट गळतात, की दाबली की संचाची फ्रिक्वेन्सी घसरते आणि पलीकडच्याला टिकटिकीऐवजी चिवचिव ऐकू येते.

हीटर झाले, पण व्हॉल्व्हच्या प्लेटला 575 व्होल्ट लागतात. ते देतो डायनामोटर: एकाच आर्मेचरवर दोन वाइंडिंग, दोन टोकांना दोन कम्युटेटर. एका टोकाला बॅटरीचे व्होल्ट आत, दुसऱ्या टोकाने शेकडो व्होल्ट बाहेर. माझ्याकडचा उघडला तेव्हा उच्चदाबाच्या टोकाला कार्बनची काळी भुकटी साचली होती. ती काढायलाच हवी, कारण कोकणच्या दमट हवेत तीच भुकटी विजेला भलती वाट करून देते. ब्रश काढताना प्रत्येकाची जागा आणि दिशा खडूने खुणावून ठेवायची, परत त्याच घरात तोच ब्रश, तसाच. झिजून त्याला कम्युटेटरचा आकार आलेला असतो, तो बदलला की ठिणग्या उडतात. कम्युटेटर साफ करायला बारीक काचपेपर चालतो. एमरी पेपर अजिबात नाही, त्याची पूड वीज वाहते आणि फटींत जाऊन बसते. बेरिंगमधले जुने, मेणासारखे घट्ट झालेले ग्रीस धुऊन नवे हलके ग्रीस बेताने भरायचे. मोटर रिवाइंडिंगवाल्या कारागिराला हे काम दाखवले तर तो कौतुकाने करतो. त्याला एकच ताकीद द्यायची, की दुसऱ्या टोकाला हात लावण्याआधी बॅटरी सोडव आणि कंडेन्सर काठीला बांधलेल्या तारेने जमिनीला टेकव. हा दाब माणूस मारतो. याबाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

तिसरी गोष्ट अँटेना, आणि कोकणात हीच खरी मेख. विमानात तार आखूड असे आणि तिची जोडीदार म्हणून विमानाचे सगळे धातूचे अंग असे. जमिनीवर ते अंग आपल्याला तयार करावे लागते. आमच्याकडे वर जांभा, खाली काळा कातळ. पहारीने तांब्याची सळई दोन फूट जाते आणि टणकन थांबते. मातीचा भरवसा सोडून अंगणात आणि परसदारी उघड्या तारा पसरायच्या, जितक्या जास्त तितके बरे. वरची तार पाव लहरीपेक्षा थोडी कमी, म्हणजे आठ-नऊ मीटरची, घराच्या कोनावरून नारळापर्यंत आडवी. आखूड तारेत जी कसर राहते ती संचातली फिरती कॉइल भरून काढते. याच कॉइलला 'सुधारणा' करणाऱ्यांनी आधी उपटले होते!

तार उंच नसावी, हे नवख्याला पटत नाही. दूर परदेशी बोलायचे असेल तर उंची हवीच. पण महाड, महाबळेश्वर, सातारा, पुणे असे डोंगराआडचे जवळचे गाव गाठायचे असेल तर लहरी जवळजवळ सरळ वर फेकायच्या. दोन-अडीचशे किलोमीटर उंचीवरच्या आयनोस्फिअरवरून त्या खाली परततात आणि घाटाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच पडतात. दिवसा 7 मेगाहर्ट्‌झवर हे चांगले जमते. रात्री ते छत विरळ होते, तेव्हा जवळच्यांसाठी 3.5 कडे उतरावे लागते आणि तिथे हा संच पोहोचत नाही. त्यासाठी त्याचा भाऊ बीसी-696 हवा.

चालवायची रीत अशी. आधी फक्त हीटर लावायचे आणि संच चांगला तापू द्यायचा, नाहीतर फ्रिक्वेन्सी सरकत राहते. डब्यात 8 मेगाहर्ट्‌झचा एक क्रिस्टल आहे आणि मागच्या बाजूला 1629 नावाचा हिरवा 'डोळा'. चकती 8 वर आणली की त्या डोळ्यातली सावली हलते. नाही हलली, तर चकती खोटे बोलते आहे असे समजायचे आणि वरच्या छिद्रातून बारीक दुरुस्ती करायची. आपल्याला परवानगी आहे ती 7.0 ते 7.2 ची, म्हणजे चकतीच्या अगदी खालच्या टोकाची. त्याच्या वर इतरांचे क्षेत्र. म्हणून डोळ्यावर न थांबता आधुनिक रिसीव्हरवर स्वतःचा आवाज ऐकून खात्री करून घ्यावी. मग की दाबून अँटेनाचे दोन नॉब आलटून पालटून फिरवायचे आणि अँटेनाच्या प्रवाहाचा काटा जिथे सर्वांत वर जातो तिथे थांबायचे. पाऊस पडून तारा भिजल्या की ही जागा बदलते. पुन्हा जुळवायचे.

जून ते सप्टेंबर मी संच बंद ठेवतो. पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. पण पूर्ण बंद ठेवलेला व्हॉल्व्हचा संच ओल धरतो, म्हणून उघडीप मिळाली की हीटर तेवढे तासभर चालू करतो. आतली ऊब ओल पळवते. खंडेनवमीला अवजारे काढली की डायनामोटरही निघतो. आधी बारा व्होल्टांवर हळू फिरवून, कान लावून बेरिंग ऐकायचे, कंडेन्सरना कमी दाबावर सावरायला वेळ द्यायचा आणि मगच पुरे चोवीस. घाई केली तर जुना कंडेन्सर फुटतो.

सहा नंबरची स्क्वॉड्रन आज जामनगरला जॅग्वार विमाने उडवते. लिबरेटर 1968 अखेर निवृत्त झाले. चकेरीच्या भंगारातून उठलेली त्यांतली काही विमाने पुढे जगाने मागून नेली: एक ब्रिटनच्या आरएएफ म्युझियमला, एक 1969 मध्ये अमेरिकेतल्या टक्सनला, आणि एकाने 1989 मध्ये अमेरिकेत पुन्हा आकाश गाठले. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. तिथे गेलात तर सहवैमानिकाच्या पाठीमागे रेडिओ ऑपरेटरची जागा कुठे होती, ते जरूर विचारा. आणि लोहगावच्या त्या ऑपरेटरांपैकी कुणाच्या घरात लॉगबुक किंवा फ्रिक्वेन्सीचे तक्ते पडून असतील, तर रद्दीत घालू नका. त्यांची नक्कल करून घ्यायला मी कुठेही येईन.