पंप खोलण्याआधी

कांद्याच्या गोण्या भरून घोडेगावच्या बाजारातून अहिल्यानगरकडे निघालेली जुनी डिझेल पिकअप सपाटीवर बिनतक्रार धावते आणि इमामपूर घाटाचा चढ लागला की ओढेनाशी होते. अशा गाडीबद्दल ‘पंप गेला’ हे निदान फार लवकर केले जाते. मग पंप काढायचा, कॅलिब्रेशनला पाठवायचा, सोबत नोझलही करून घ्यायचे. पैसे जातातच, ऐन हंगामातले दिवसही जातात. माझे म्हणणे असे, की सपाटीवर चालणारी आणि घाटात मरणारी गाडी आधी पंपाच्या मागे, टाकीच्या दिशेने तपासली पाहिजे.

साठेक अश्वशक्तीच्या, चार सिलिंडरच्या इंजिनाचा हिशेब मांडून पाहू. पूर्ण जोर लावताना ते सुमारे ४५ किलोवॅट शक्ती देते. एका किलोवॅट-तासाला अशा इंजिनाला साधारण २५० ग्रॅम डिझेल लागते, म्हणजे तासाला ११ किलोहून थोडे अधिक, साडेतेरा लिटरच्या आसपास. मिनिटाला ३,००० फेऱ्या धरल्या तर चारही सिलिंडरांत मिळून सेकंदाला १०० फवारे उडतात. एका फवाऱ्याच्या वाट्याला जेमतेम ३८ घन मिलिमीटर डिझेल येते, एका थेंबापेक्षाही कमी. हेच इंजिन उभ्या गाडीत, स्लोवर, तासाला लिटरभरही जाळत नाही. गाळाने किंवा दबलेल्या नळीने वाट अरुंद झाली असली, तरी एवढे डिझेल तीतून सहज जाते. पण अरुंद छिद्रातून दुप्पट प्रवाह न्यायचा, तर दाबातली घट जवळपास चौपट होते. रिटर्न पाइपने टाकीत परत जाणारे डिझेल हिशेबात घेतले, तर स्लो आणि चढ यांतली तफावत कमी होते. मिटत मात्र नाही. म्हणूनच गॅरेजच्या दारात नुसती रेस वाढवून पाहण्याने फारसे काही कळत नाही. भार नसलेले इंजिन मोठी मागणी करतच नाही.

टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. तिथे भेग पडली तर डिझेल ठिबकेलच असे नाही; चिरलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तशी ती हवा आत घेते. नळी कोरडी दिसते म्हणून निर्दोष मानणे त्यामुळेच चुकते. डिझेल दाबले तर किंचितच आकसते, हवा मात्र कितीतरी पट. ३८ घन मिलिमीटरच्या मापात बुडबुडा शिरला की पंपाचा दट्ट्या त्यालाच दाबत बसतो. गाडीने एअर धरली की नाही, हे पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा जोडून डोळ्यांनी पाहता येते. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत याहून निर्णायक चाचणी आहे. टाकीकडची नळी सोडायची, इंजिनापेक्षा उंचावर ठेवलेल्या डब्यातले स्वच्छ डिझेल फिल्टरला द्यायचे आणि रिटर्नही त्याच डब्यात घ्यायचा. त्यावर गाडी चटकन सुरू झाली आणि मिसिंग थांबले, तर दोष त्या जोडाच्या मागे आहे. चढावरच्या तक्रारीसाठी लांब नळीचा व्हॅक्यूम गेज लावून भरलेली गाडी घाटातच न्यावी. चढावर व्हॅक्यूम वाढत गेला तर वाट अडलेली आहे. टाकीचे झाकण उघडताच सूं करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असते. थोडा वेळ थांबल्यावर गाडी पुन्हा ओढू लागली, तर टाकीतल्या जाळीला चिकटणारा आणि ओढ थांबताच गळून पडणारा कचरा शोधावा.

ओढ कमी होण्याचे कारण डिझेलच कशावरून, हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे बरेचसे उत्तर धुरात मिळते. चढावर दाट काळा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, हवा कमी पडते आहे. तेव्हा धुळीने भरलेला एअर फिल्टर किंवा टर्बोची फाटलेली नळी पाहावी. स्टार्टर मारताना पांढरा धूर आला तर डिझेल जाते पण पेटत नाही. धूरच नसेल तर ते सिलिंडरपर्यंत जातच नसावे. पंप झिजत नाही, असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या आतल्या फटी अवघ्या दोन-तीन मायक्रॉनच्या, वंगणही डिझेलचेच, आणि पावसाळ्यात टाकीत साचलेले पाणी तिथवर गेले तर नुकसान ठरलेले. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आणताना नैसर्गिक वंगणगुण घटतो, पण तो भरून काढण्यासाठी पूरक द्रव्ये मिसळली जातात. त्याला बोल लावण्यापेक्षा वॉटर सेपरेटर वेळेवर रिकामा करणे अधिक उपयोगाचे. झिजलेल्या रोटरी पंपाची खूण वेगळी असते. गाडी सकाळी थंडीत सुरू होते, पण तापल्यावर बंद केली की पुन्हा सुरू होत नाही, कारण गरम, पातळ डिझेल वाढलेल्या फटींतून निसटते. पंपावर ओले फडके ठेवून तो निवल्यावर ती सुरू झाली, तर पंप खुशाल खोलावा.

सर्वांत वजनदार आक्षेप अनुभवाचा आहे: पंप करून आणल्यावर गाडी खरोखरच ओढू लागते. पण पंप बसवताना मिस्त्री सहसा फिल्टरही बदलतो, बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घालतो, नळ्या आवळतो, एअर काढतो. इतके सगळे एकदम बदलल्यावर श्रेय एकट्या पंपाला कसे द्यायचे? एका वेळी एकच बदल, त्यानंतर तोच घाट आणि तेवढेच वजन, असे केले तरच पुरावा मिळतो. माल नाशवंत असताना एवढा वेळ कुठून आणायचा, असे कोणी विचारेल. पण डब्याची चाचणी पंप उतरवण्यापेक्षा लवकर उरकते. कॉमन रेलच्या गाडीत स्कॅनर ‘रेलचा दाब कमी’ एवढेच दाखवतो, तो का कमी आहे हे शोधायला तिथेही फिल्टर आणि टाकीकडच्या नळ्यांपासूनच सुरुवात करावी लागते. त्या गाडीत मात्र इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपचा नट सैल करण्याची जुनी सवय सोडलीच पाहिजे. आतला दाब १,००० बारच्या वर जाऊ शकतो आणि डोळ्यांना नीट न दिसणारा फवारा कातडी भेदून आत घुसतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, दुखली नाही, तरी त्या माणसाला त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.