आनुवंशिकीची संगणकीय साधने आणि विद्यार्थी-परीक्षक

अमेरिकेतील यूटा विद्यापीठाचे ‘लर्न जेनेटिक्स’ किंवा कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेचे ‘डीएनए फ्रॉम द बिगिनिंग’ यांसारखी आनुवंशिकी शिकविणारी संकेतस्थळे शाळांना आता अपरिचित राहिलेली नाहीत. परंतु त्यांची पारख जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी, अशी सूचना पुढे येताच ज्या हरकती घेतल्या जातात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी गैरसमज आहेत.

गैरसमज : ज्याला विषयच अद्याप शिकावयाचा आहे, तो साधनाची परीक्षा काय करणार?
वस्तुस्थिती : परीक्षेसाठी समग्र शास्त्र अवगत असण्याची जरुरी नाही, नेमका प्रश्न हाती असला म्हणजे पुरे. जीभ नळीसारखी वळविता येणे हा एकाच प्रभावी जनुकाचा परिणाम असावा, असे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० साली मांडले. १९५२ साली समरूप जुळ्यांच्या अभ्यासात एकाला जीभ वळविता येते व दुसऱ्याला येत नाही अशा जोड्या आढळल्या, आणि १९६५ साली खुद्द स्टर्टेव्हंट यांनीच हा दाखला अजून सिद्ध म्हणून दिला जातो याबद्दल संकोच व्यक्त केला. समरूप जुळ्यांची जनुके सारखीच असतात एवढे ज्याला ठाऊक आहे, तो विद्यार्थी हा शिळा दाखला साधनात आढळल्यास निःसंशय हेरू शकतो.

गैरसमज : वास्तवदर्शी, मनोहर चित्रे असलेले साधन श्रेष्ठ.
वस्तुस्थिती : ‘कॉन्कॉर्ड कन्सॉर्शियम’ या संस्थेच्या ‘जेनिव्हर्स’मध्ये विद्यार्थी चक्क काल्पनिक ड्रॅगनांचा संकर घडवितात, तथापि त्यांच्या जनुकांचे संक्रमण खऱ्या नियमांनीच होते. जनुक बदलले असता लक्षण का बदलले, याचा कार्यकारणभाव साधनातून उलगडतो की नाही, ही खरी कसोटी होय.

गैरसमज : प्रत्येक संकरात ३:१ हेच प्रमाण दाखविणारे साधन अचूक.
वस्तुस्थिती : मेंडेलला दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले वाटाणे मिळाले, म्हणजे ७,३२४ दाण्यांतही प्रमाण २.९६:१ आले. जेथे अपेक्षित प्रमाण ३:१ आहे, तेथे चार अपत्यांच्या कुटुंबात नेमके तीनास एक असे वाटप होण्याची संभाव्यता सुमारे ४२ टक्केच असते. म्हणून विद्यार्थ्याने आधी आपले अनुमान कागदावर नोंदवावे, मग अल्प व विपुल संततीचे आकडे ताडून पाहावेत. ज्या साधनात यदृच्छेला वावच नाही, त्याची शिफारस करू नये.

गैरसमज : प्रभावी गुण समाजात अधिक आढळतो, हे उघडच असल्याने साधनाने वेगळे सांगावयास नको.
वस्तुस्थिती : बहुअंगुलित्व अनेक कुटुंबांत प्रभावी रीतीने उतरते, तरी ते विरळ आहे, उलट ‘ओ’ रक्तगट अप्रभावी असूनही भारतात विपुल आहे. प्रभाव आणि प्रमाण यांतील हा भेद जे साधन स्पष्ट करीत नाही, ते अपुरे ठरते.

गैरसमज : विद्यार्थी परीक्षक झाले की शिक्षकाचे काम संपले.
वस्तुस्थिती : ‘आवडले’ हा अभिप्राय आहे, निवाडा नव्हे, प्रत्येक निवाड्यास पुरावा मागणे आणि तो तपासणे ही जबाबदारी शिक्षकाचीच राहते. ती नीट पार पडली, तर साधनाची परीक्षा हाच आनुवंशिकीचा अभ्यास होतो. ती टाळली, तर तो केवळ आवडीनिवडीचा तक्ता उरतो.