बॅटरी गेली, की जोड गेला?

आपली गाडी, आपला पाना : लेखांक ९

श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला निघालेल्या गाड्या दौलताबादच्या दिल्ली दरवाजापाशी येऊन तुंबतात. जुन्या तटबंदीतली कमान, तिच्यातून एका वेळी जाणार तरी किती! लोक पेट्रोल वाचावं म्हणून इंजिन बंद करतात आणि रांग हलली की बटन दाबतात. अशा वेळी एखाद्या दुचाकीतून नुसतं ‘टक्’ ऐकू येतं. हॉर्न वाजतो, इंडिकेटर लुकलुकतो, इंजिन मात्र ढिम्म. मागचा कुणीतरी लगेच निकाल देतो, ‘बॅटरी गेली भाऊ.’ संध्याकाळपर्यंत नवी बॅटरी बसलेली असते. कधी कधी आठवडाभरात पुन्हा तेच ‘टक्’ ऐकू येतं, आणि मग शिव्या बॅटरीच्या कंपनीला.

हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरीत जीव आहे, हे खरं. मग सेल का घेत नाही? इथे थोडं गणित करावं लागेल. हेडलाइटचा बल्ब ३५ वॅटचा धरला, तर तो बारा व्होल्टवर तीन अँपिअरच्या आसपास करंट खातो. स्टार्टरची मोटर इंजिन फिरवायला घेते तेव्हा हाच आकडा पन्नासाच्या घरात जातो. आता समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर क्षार चढलाय आणि तिथे ओहमच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे ०.०५ ओहम, अडथळा तयार झालाय. हेडलाइटच्या वाटेत त्यामुळे ०.१५ व्होल्ट कमी होतील. डोळ्याला ते कळणारही नाही. पण पन्नास अँपिअरला त्याच जोडावर अडीच व्होल्ट गळतात. बॅटरी आधीच जोर लावून दहा-साडेदहावर आलेली असते. मोटरपर्यंत उरतात आठ. तेवढ्यावर स्टार्टरचा रिले टक् करतो, मोटर फिरत नाही. म्हणजे बॅटरी धडधाकट असूनही लक्षणं मेलेल्या बॅटरीची दिसू शकतात.

म्हणून दुकानात जाण्याआधी मागच्या लेखांकातला मल्टिमीटर बाहेर काढा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी टर्मिनलवर १२.६ किंवा जास्त दिसले, तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. त्यानंतर ही खरी चाचणी: मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर आणि दुसरी त्याच टर्मिनलला कसलेल्या वायरच्या थिंबलवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, टेकवा, आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. दोन पिनांमध्ये जेमतेम इंचभर अंतर आहे, तिथे व्होल्टेज दिसायलाच नको. ०.२ पर्यंत चालेल. एक-दीड व्होल्ट दिसला, तर चोर सापडला. हीच चाचणी काळ्या वायरच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ती चॅसिसला किंवा इंजिनला बोल्टने कसलेली असते, तिथेही करा. त्या बोल्टकडे कुणी बघत नाही. घाटातला चिखल आणि सर्व्हिसिंगचं प्रेशरचं पाणी तिथेच बसतं.

टर्मिनलवर जमणारं ते हिरवं-पांढरं काय असतं? पांढरी भुकटी बहुतांशी शिशाचं सल्फेट. बॅटरीतल्या सल्फ्युरिक आम्लाची सूक्ष्म वाफ टर्मिनलच्या बुडाशी असलेल्या सीलमधून किंवा झाकणांतून झिरपते आणि शिशाला खाते. निळसर-हिरवा थर तांब्याचा. दौलताबाद परिसरातल्या फळबागवाल्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको, कारण बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर जे मोरचूद घालतात, तेच हे कॉपर सल्फेट. फरक एवढाच की इथे ते तुमच्या वायरच्या तांब्यातून तयार झालंय, म्हणजे तेवढी वायर कमी झाली.

साफसफाईला दहाचा पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा आणि बारीक पॉलिश पेपर पुरे. चावी बंद. आधी निगेटिव्ह वायर सोडवायची, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट. हा नियम घोकंपट्टीचा नाही. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चॅसिसला टेकला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते. ठिणगी उडते, पाना लाल होऊ शकतो, आणि चार्ज होताना बॅटरीतून निघणारा हायड्रोजन आसपास असेल तर पुढचं सांगायला नको. बिडी-सिगारेट लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा.

कपभर कोमट पाण्यात चमचाभर सोडा विरघळवून ब्रशने लावा. फेस येईल. आम्ल आणि सोडा यांच्यातून निघणारा तो कार्बन डायऑक्साइड. फेस थांबला की आम्ल संपलं. बॅटरी पाण्याची असेल तर झाकणं घट्ट हवीत, सोडा आत गेला तर आतलंच आम्ल मरेल. मोरचूद पाण्यात विरघळून जातं. शिशाचं सल्फेट जात नाही, ते घासावंच लागतं. पण कोरडं खरवडून फुंकर मारू नका. शिसं विषारी आहे, ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं टाकून द्या आणि हात साबणाने धुवा. स्वयंपाकघरातला कप परत स्वयंपाकघरात जाता कामा नये, घरच्यांनी कितीही धुऊन घेतो म्हटलं तरी.

मग टर्मिनल आणि थिंबल दोन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. थिंबलच्या मागे वायरचं रबर कडक किंवा फुगलेलं वाटलं तर तिथे थोडं कापून बघा. आतली तार काळी पडली असेल तर वरून कितीही घासलं तरी उपयोग नाही. लखलखीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापायची आणि नवीन थिंबल दाबून बसवायचं. वायर तोकडी पडली तर पूर्ण वायर बदला. चिकटपट्टीचा जोड स्टार्टरच्या वायरीवर टिकत नाही. बोल्ट घट्ट करा पण जोर दाखवू नका, शिसं मऊ असतं. टर्मिनलखालचा चौकोनी नट खाली घसरून वैताग देतो. त्याच्याखाली स्पंजचा तुकडा कोंबला की तो जागेवर राहतो. सगळं कसून झाल्यावर वरून व्हॅसलीन. त्यातून वीज जात नाही, म्हणून ते जोडावर बाहेरून लावायचं.

आणखी एक वाईट सवय. आपल्याकडे मोबाइल चार्जर, जीपीएस, एलईडीच्या पट्ट्या, सगळ्यांच्या वायरी टर्मिनलच्या बोल्टखालीच गुंडाळतात. चार थिंबलं एकावर एक बसली की मुख्य वायर टर्मिनलला नीट टेकतच नाही. शिवाय ही मंडळी गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज पीत राहतात. त्यांच्यासाठी फ्यूज घालून वेगळी लाइन काढा.

जोड साफ करूनही महिन्याभरात थर परत आला, तर तो बाहेरून आलेला नाही. इंजिन रेस करून मीटर बघा. टर्मिनलवर साडेतेरा ते साडेचौदा हवेत. पंधराच्या वर गेले तर चार्जिंगवर लगाम ठेवणारा रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरीला उकळवतोय, आणि नवी बॅटरीही तो तशीच उकळवेल. तेराच्या खाली राहिले तर चार्जिंगच येत नाही. दोन्हीत आधी तो दोष काढायचा.

एवढं करूनही बॅटरी रात्रभरात १२ वर घसरत असेल किंवा सेल मारताना नऊच्या खाली कोसळत असेल, तर ती खरंच गेली. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात मेकॅनिक आणि सुटे भाग यांची वानवा नाही. वानवा आहे ती दुकानात चार प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाची.

जुन्या बॅटरीवरचा नंबर लिहून न्या. ‘१२एन५-३बी’ असं असेल तर १२ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर. मोजमाप आणि टर्मिनलची बाजू जुळलीच पाहिजे. पॉझिटिव्ह उलट बाजूला असलेली बॅटरी ट्रेमध्ये बसते, पण वायर ताणून जोडावी लागते आणि खड्ड्याखड्ड्यांत तो जोड ढिला होतो. पाण्याच्या बॅटरीच्या जागी सीलबंद चालते, चार्जिंग वर सांगितलेल्या हद्दीत असेल तर. उलट करू नका. पाण्याच्या बॅटरीला वाफेची नळी बाहेर काढावी लागते, आणि ती सोय नसेल तर आम्ल चॅसिसवर टपकतं. माझं मत विचाराल तर साध्या गाडीला सीलबंदच घ्या. पाण्याच्या बॅटरीत बोअरचं पाणी ओतणारे हात घरोघरी आहेत. त्यातले क्षार प्लेटा खातात, आरओचं पाणीही नको, फक्त डिस्टिल्ड.

‘थोडी मोठीच टाका’ हा सल्ला ऐकू नका. तीनच्या जागी पाच अँपिअर-अवरची बसली तरी गाडीचं चार्जिंग तेवढंच असतं. गावातून शाळेपर्यंत आणि परत एवढंच चालवलं तर एकदा उतरलेली ती बॅटरी पूर्ण भरायला फार वेळ लागतो, आणि अर्धवट भरलेल्या शिशाच्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात. लिथियमची बॅटरी हलकी आणि महाग असते. रोजच्या गाडीला ती घेण्याचं कारण मला दिसत नाही.

उत्पादनाची तारीख बघा. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीतली झीज ढोबळमानाने दुप्पट होते. पत्र्याच्या दुकानात उन्हाळा काढलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नका. वॉरंटीचा मोठा आकडा वाचताना बारीक अक्षरही वाचा. अनेकदा पहिल्या अर्ध्या काळातच बॅटरी पूर्ण बदलून मिळते, पुढे फक्त सवलत. कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. दुकानातच आम्ल भरून दिली जाणारी बॅटरी लगेच बसवून घेऊ नका. आम्ल मुरायला अर्धा तास द्या, मग हळू चार्जिंग करून घ्या, ५ अँपिअर-अवरला साधारण अर्ध्या अँपिअरने. ट्रॅक्टरच्या चार्जरला लावून दहा मिनिटांत देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि स्प्लेंडरसारख्या गाड्यांतही इंधन इंजेक्शन आलं. पूर्वीची कार्ब्युरेटरवाली गाडी बॅटरी मेली तरी किक मारून घरी यायची. आता पेट्रोलचा पंप आणि कंट्रोल युनिट दोघांनाही बॅटरी लागते, ती पार मेली तर धक्का मारूनही भरवसा नाही.

जुनी बॅटरी घरी ठेवू नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. तो ती फोडतो, आम्ल नाल्यात जातं आणि शिसं चुलीवर वितळतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार जुनी परत घेताना शिशाची किंमत बिलातून वजा करतो. ती वजावट बिलावर लिहून मागा.

(पुढील आठवड्यात : रेग्युलेटर आणि मॅग्नेटोची कॉइल, दोघांत दोषी कोण?)