गंडमाळ नव्हे, किकुची!

रोवणीच्या दिवसांत चिचगडला माझ्या भाचीच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा घरातल्या थोरल्यांनी एकच शब्द उच्चारला : गंडमाळ. मानेची गाठ म्हणजे क्षय, हा आपल्याकडचा जुना हिशेब. आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. पोरीचे लग्न ठरत आलेले. संध्याकाळी ताप चढायचा. एका डॉक्टरांनी गाठ न तपासताच क्षयाच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन आठवडे त्या पोटात गेल्या, लघवी नारिंगी झाली, गाठ तशीच. दुसऱ्यांनी कर्करोगाचे नाव काढले. त्या रात्री बहीण जेवली नाही.

शेवटी नागपूर गाठले. तिथे अख्खी गाठ काढून तपासायला दिली. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. जांभळ्या पेशींच्या दाटीत मधूनमधून फिकट गुलाबी डाग दिसत होते. तिथल्या पेशी मेलेल्या, त्यांच्या केंद्रकांचा भुगा झालेला. तो भुगा गिळणाऱ्या भक्षक पेशींचे केंद्रक चंद्रकोरीसारखे कडेला सरकलेले. क्षय असता तर पेशींचे ठरावीक पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, दिसले असते. पू धरला असता तर न्यूट्रोफिल पेशींची गर्दी. इथे न्यूट्रोफिल औषधालाही नव्हत्या. मात्र आसपासच्या मोठ्या पेशी पाहून घाईत लिम्फोमाचा कर्करोग समजण्याची चूक होऊ शकते, असे बाई म्हणाल्या.

हा किकुची-फुजिमोटो आजार. जपानमध्ये किकुची आणि फुजिमोटो यांनी तो 1972 साली स्वतंत्रपणे नोंदवला. आशियात आणि चाळिशीच्या आतल्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. नेमके कारण सापडलेले नाही. संशय विषाणूंवर आहे. बहुधा एक ते चार महिन्यांत तो आपोआप ओसरतो. ताप-दुखण्यापुरते औषध पुरते. ल्युपस या आजारातही गाठ जवळजवळ अशीच दिसते, म्हणून रक्ताची एएनए तपासणी करायची आणि पुढेही लक्ष ठेवायचे.

क्षयाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबल्या. (वाचकांनी हे स्वतःच्या मनाने करू नये, क्षय खरोखर असला तर ते भलतेच महागात पडते.) पण रिपोर्टातला ‘नेक्रोटायझिंग’ हा शब्द वाचून मुलाकडचे बिचकले. मी जाऊन त्यांच्या ओसरीवर बसलो आणि चंद्रकोरीपासून सगळे पुन्हा सांगितले. मुलाच्या आजीने एवढेच विचारले, ‘‘लागट नाही ना?’’ नाही, म्हटले.

धान कापणीला आले तेव्हा ताप गेलेला होता, मानेवर टाक्याची बारीक रेघ उरली होती. बहीण अजून अधूनमधून पोरीची मान चाचपते.