कोल्हापुरातील संगीत व नाट्यशिक्षण

कोल्हापुरातील संगीत व नाट्यशिक्षणाची परंपरा दरबारी गायकी, नाटक मंडळ्या आणि संगीतसंस्था यांतून घडली. इ.स. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र अधिविभाग आहे.

पार्श्वभूमी

देवल क्लब ही येथील संगीतसंस्था १८८३ मध्ये स्थापन झाली. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे राजर्षी शाहू महाराजांचे दरबारगायक होते. महाराजांनी उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे कोल्हापूरचे गायक-नट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी या नाट्यगृहाची आगीत मोठी हानी झाली.

अभ्यासाची साधने

घराण्याची तालीम गुरुमुखातून दिली जात असल्याने तिच्याविषयीची लेखी साधने थोडी आहेत. अल्लादियाखाँ यांनी सांगितलेल्या आठवणी त्यांचे नातू अझीझुद्दीनखाँ यांनी लिहून ठेवल्या, म्हणून त्या टिकल्या. अशा आठवणी ध्वनिमुद्रिका, दरबारी कागदपत्रे व नाटकांच्या जाहिराती यांच्याशी ताडून पाहाव्या लागतात. नाट्यप्रयोग तर पडदा पडताच संपतो. त्याचा इतिहास संहिता, छायाचित्रे आणि प्रेक्षकांच्या नोंदींवरूनच जुळवावा लागतो. त्यामुळे या विषयांच्या विद्यापीठीय अभ्यासात प्रत्यक्ष तालमीइतकेच साधनांच्या जतनाला महत्त्व आहे.